दुरुस्तीचं वळण

आमच्या काउंटीचा नकाशा काढायला चित्रकार लागत नाही.
पट्टी पुरते.
मैलभर रस्ता, मग चौक, मैलभर रस्ता, मग चौक,
मधल्या चौकोनात मका, पलीकडच्यात सोयाबीन,
पुढल्या वर्षी उलट.

पण पृथ्वी गोल आहे, हे मोजणीदारांना सोडवत नव्हतं.
उत्तरेकडे जाता जाता चौकोन अंग चोरतात,
म्हणून दर चोवीस मैलांवर सरळ रस्ता
अचानक डावीकडे साठ पावलं सरकतो
आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं
पुन्हा उत्तरेला लागतो.
सरकारी कागदांत त्याला दुरुस्तीची रेघ म्हणतात.
आम्ही म्हणतो, त्यादेनचा कोपरा.

छत्तीस वर्षं मी या रस्त्यांवर ग्रेडर चालवतोय.
खडी कडेला पळते, मी ती परत मधे आणतो,
ती परत पळते. संसारच म्हणा.
कुठल्या मैलावर कोण कसं ओळख देतं ते पाठ आहे:
वर्लिन हाउगेरुड एकच बोट उचलतो,
हात स्टिअरिंगवरून न काढता;
त्याची बहीण तेवढंही नाही, अठ्ठ्याण्णव सालापासून.
तिच्या टपालपेटीला माझं पातं लागलं होतं.

जमिनीखाली मातीच्या नळ्या आहेत, हातभर लांबीच्या,
एकीला एक भिडवून पुरलेल्या.
आजोबांच्या पिढीनं अख्खी दलदल
त्यांतून ओढ्यात सोडून दिली.
तरी एप्रिलमध्ये पाणी येतंच, जुन्या जागा धरून बसतं,
आणि बदकं मक्याच्या धसकटांत उतरतात,
जणू कुणी त्यांना कळवलंच नाही.

कोपऱ्याचं सांगत होतो.
धुक्यामुळे, बिअरमुळे, किंवा नुसतं वय सतरा म्हणून
दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी वळत नाही.
सरळ आर्लिस त्यादेनच्या शेतात.
आर्लिसनं कुंपण घातलं नाही, फलक मागितला नाही.
रस्त्याच्या नाकासमोरची चाळीस पावलं जमीन
तेवढी पेरायचं सोडलं
आणि दाराशी साखळी टांगली.
रात्री आवाज आला की ट्रॅक्टर काढायचा,
गाडी ओढून रस्त्याला लावायचा,
आणि विचारायचा, कॉफी?
माझा भाऊ डेलमार त्याच पट्टीत थांबला होता एकदा,
कपाळात काच, बाकी धड.
लोण्यासारखी काळी जमीन ती.
पडीक ठेवून किती बुडालं, याचा हिशेब
आर्लिसनं केला नाही,
निदान मोठ्यानं तरी.

तो गेला त्या वर्षी जमीन एका कंपनीनं कसायला घेतली.
उपग्रहाचं ऐकणारं पेरणीयंत्र आलं
आणि पार चरापर्यंत मका लावून गेलं.
त्याची चूक नाही. सांगितलेली हद्द त्यानं पाळली.
घर घेतलं भाड्यानं एउलालिया चोकनं,
टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळी करते ती.
ग्वाटेमालाच्या डोंगरांतली; म्हणाली,
पहिला आठवडा झोपच लागेना,
नजर टेकवायला कुठं काही नाही.

ऑक्टोबरात, कापणीच्या आधी, पुरुषभर उंच मक्यात
लुथरन चर्चच्या पाद्रीबाईंची गाडी घुसली.
पहाटेचे चार. एउलालिया कामावरून परतत होती.
तिचं इंग्रजी बेताचं, पाद्रीबाईंचं स्पॅनिश शून्य,
साखळी मात्र अजून दाराशीच होती.

गेल्या सोमवारी मी तिथं पोचलो तेव्हा
ती चराच्या काठाला टायर रोवून
पांढरे रंगवत होती.
सरकारी हद्दीतला अडथळा. मी कळवायला हवा.
मी पातं वर उचललं,
टायरांना वळसा घातला,
आणि स्टिअरिंगवरून एक बोट.

तिनं अख्खा हात हलवला, ब्रशसकट.
शिकेल हळूहळू.